कुणावाचून किती अडतं? कारखान्यातल्या यंत्रांचं महत्त्व ठरवायची पद्धत

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपली होती आणि पहिल्या फेरीचा बांगडा घेऊन होड्या बंदरात परतत होत्या. मी तेव्हा रत्नागिरीजवळच्या एका बर्फ कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आमच्याकडे अमोनियाचे दोन कॉम्प्रेसर होते, एक चालू आणि एक स्टँडबाय. त्या दोघांवर आमचा भारी जीव. तेल, बेल्ट, व्हॉल्व्ह प्लेट, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. रात्री अडीचला बंद पडला तो मात्र कंडेन्सरला (गरम अमोनिया वायू थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या भागाला) पाणी पुरवणारा पंप. बेअरिंग जाम झालं आणि त्याने शाफ्ट खाल्ला. पाणी थांबल्यावर कंडेन्सरमधलं प्रेशर चढलं आणि हाय प्रेशर कटआउटने कॉम्प्रेसर बंद केला. घाईघाईत स्टँडबाय लावला, तोही काही मिनिटांत ट्रिप झाला. दोन कॉम्प्रेसर होते, पण पाणी देणारा पंप एकच होता आणि त्याचं नाव आमच्या महत्त्वाच्या यंत्रांच्या यादीत नव्हतं.

लेथवाला सकाळी नऊला आला. पंप दुपारी चालू झाला. तोवर धक्क्यावर बर्फ कमी पडला होता. ताज्या बांगड्याचा डोळा काळा, चकचकीत आणि फुगीर असतो. बर्फ नसेल तर तो आधी धुरकट होतो, मग आत बसतो आणि कल्ल्यांचा लाल रंग विटतो. हे मी त्या सकाळी एका क्रेटसमोर उभा राहून बघितलं. क्रेटचा मालक काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मेंटेनन्समध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना मी यंत्रांचं महत्त्व ठरवायला शिकवतो, ते त्या पंपापासूनच. इंग्रजी कागदांत याला क्रिटिकॅलिटी म्हणतात. आपल्या भाषेत नेमका प्रश्न आहे: कुणावाचून किती अडतं? यंत्र किती मोठं, किती महाग, कुठल्या कंपनीचं, याचं उत्तर त्या प्रश्नाशी बहुतेक वेळा जुळत नाही.

अजून एक गल्लत सुरुवातीलाच दूर करू. क्रिटिकल म्हणजे खराब अवस्थेतलं यंत्र नव्हे. कालच बसवलेला कोरा पंपही क्रिटिकल असू शकतो आणि वीस वर्षं कुरकुरणारा कन्व्हेयर बिनमहत्त्वाचा असू शकतो. अवस्था रोज बदलते. महत्त्व ठरतं ते यंत्र कुठल्या जागी बसलंय आणि काय काम करतंय त्यावर.

यादी करा, पण चालत

पहिलं काम यादीचं. स्टोअरमधली मालमत्तेची नोंदवही घेऊन टेबलावर बसू नका, कारण तिच्यात भंगारात गेलेल्या मोटरी असतात आणि गेल्या वर्षी बसवलेला पंप नसतो. वही आणि खडू घ्या आणि पाइपच्या मागोमाग चाला. बर्फ कारखान्यात अमोनियाची वाट धरा: कॉम्प्रेसर, ऑइल सेपरेटर, कंडेन्सर, रिसीव्हर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ब्राइनच्या (बर्फ गोठवणाऱ्या थंड खाऱ्या पाण्याच्या) टाकीतली कॉइल, आणि परत कॉम्प्रेसर. मग पाण्याची वाट, मग विजेची, मग कॅन (लादी जमवायचे डबे) उचलणाऱ्या होइस्टची. वाटेत जे जे हलतं, तापतं, दाब धरतं किंवा राखण करतं, त्याला नंबर द्या.

यादी किती बारीक करायची, हा प्रश्न नेहमी येतो. माझा नियम सोपा आहे: ज्याच्या नावाने दुरुस्तीचं काम निघतं ते एक यंत्र. पंप, त्याची मोटर, कपलिंग आणि स्टार्टर मिळून एक ओळ. प्रत्येक बेअरिंगला ओळ दिली तर यादी कधी संपणार नाही. 'रेफ्रिजरेशन सिस्टिम' अशी एकच ओळ लिहिली तर तिच्यातून काहीच कळणार नाही. मध्यम आकाराच्या बर्फ कारखान्यात साधारण चाळीस-पन्नास ओळी होतात.

प्रत्येक ओळीपुढे यंत्राचं काम एका वाक्यात लिहा, आकड्यासकट. 'पाणी देणे' एवढ्यावर थांबू नका. 'एक कॉम्प्रेसर पूर्ण भारावर असताना कंडेन्सरला पुरेसं पाणी सतत देणे' असं लिहा आणि पुढे तुमच्या पंपाच्या प्लेटवरचा आकडा टाका. पंप फिरतोय पण पाणी निम्मं देतोय, हाही बिघाडच आहे. काम नीट लिहिलेलं नसेल तर तो बिघाड कुणी मोजतच नाही.

कोण कोण बसायचं

ही आकडेमोड मेंटेनन्सवाल्याने एकट्याने करू नये. उत्पादनाचा माणूस, क्वालिटीचा माणूस, स्टोअरकीपर आणि रात्रपाळीचा ऑपरेटर हवाच. ऑपरेटरला शेवटी नव्हे, सगळ्यांत आधी बोलू द्या. साहेब बोलून गेल्यावर तो मान डोलवतो. आमच्या ब्राइन टाकीवर सतरा वर्षं काढलेले एक काका होते. दोनपैकी एक एजिटेटर (ब्राइन ढवळणारा पंखा) बंद पडला की टाकीच्या कुठल्या कोपऱ्यातल्या लाद्या पोकळ निघतात, हे त्यांना पाठ होतं. कुठल्याही लॉगबुकात ते नव्हतं, कारण लॉगबुकात रोज एकच शब्द असतो: 'चालू'.

दोन-दोन तासांच्या तीन बैठका पुरतात. एकाच दिवसात उरकायला गेलात तर दुपारनंतर सगळ्या यंत्रांना सारखेच गुण पडायला लागतात.

परिणाम मोजणं

आता मुख्य भाग. यंत्राने आपलं काम सोडलं तर काय होईल, याला पाच अंगांनी १ ते ५ गुण द्यायचे: माणसाचा जीव, पर्यावरण, उत्पादन, मालाचा दर्जा आणि दुरुस्तीचा खर्च. प्रत्येक गुणाचा अर्थ तुमच्या कारखान्यापुरता आधी लिहून ठेवा. 'उत्पादन ५' म्हणजे एक पाळी पूर्ण वाया की तीन दिवस? हे आधी ठरलं नाही तर बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचा पंप महत्त्वाचा ठरतो.

उत्पादनाचे गुण देताना नवखे लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे वेळ. दोन वेळा शेजारी शेजारी लिहा. यंत्र बंद पडल्यापासून झळ लागायला किती वेळ लागतो? आणि ते परत उभं करायला किती? मोठी लादी जमायला दीड-दोन दिवस लागतात आणि टाकीभर थंड ब्राइन लगेच गरम होत नाही. म्हणून कॉम्प्रेसर तासभर थांबला तरी ग्राहकाला पत्ता लागत नाही. दरवाजे बंद ठेवले तर उणे १८ अंशांचं कोल्ड स्टोअरही काही तास तग धरतं. पण माल झपाट्याने गोठवणाऱ्या ब्लास्ट फ्रीझरमध्ये तो अर्धवट गोठलेला असताना थंडी गेली तर तो तासही महाग पडतो. दुरुस्तीला दोन तास लागणार आणि झळ सहा तासांनी लागणार असेल, तर ते यंत्र वाटतं तितकं क्रिटिकल नाही. उलट असेल तर ते वाटतं त्यापेक्षा जास्त क्रिटिकल आहे.

दुरुस्तीचा वेळ प्रामाणिकपणे लिहा. फिटर 'एक तासाचं काम' म्हणतो तेव्हा तो फक्त पाना फिरवण्याचा वेळ सांगत असतो. त्याला निरोप पोचणं, सुटा भाग येणं, लेथवर जाणं, परत अलाइनमेंट करणं, हे सगळं धरा. इथे स्टोअरकीपर लागतो. आणि कोकणात इथे पाऊसही लागतो. कोल्हापूरहून आंबा घाटातून येणारा सुटा भाग जानेवारीत संध्याकाळपर्यंत हातात पडतो. जुलैत दरड आली की तोच दोन दिवस अडकतो. म्हणून सुट्या भागांचा वेळ लिहिताना उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा असे दोन रकाने करा.

दर्जाच्या गुणांबद्दल एवढंच: माशाच्या धंद्यात दर्जा म्हणजे नुसता भाव नव्हे. बांगड्यासारखा मासा तापला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते नंतर गोठवून किंवा शिजवून जात नाही. म्हणजे थंडी राखणारं यंत्र दर्जाच्या रकान्यातून थेट माणसाच्या रकान्यात जातं.

बेरीज करू नका

पाच गुण मिळाले की हात आपोआप बेरजेकडे जातो. तो आवरा. एक उदाहरण करून बघू.

अमोनियाच्या कॉम्प्रेसर रूमचा एक्झॉस्ट फॅन घ्या. माणूस ५, पर्यावरण २, उत्पादन १, दर्जा १, खर्च १. बेरीज १०.

क्रेट वाहून नेणारा कन्व्हेयर घ्या. माणूस ३, पर्यावरण १, उत्पादन ३, दर्जा ३, खर्च २. बेरीज १२.

बेरजेने कन्व्हेयर वर गेला आणि फॅन खाली. आता कॉम्प्रेसर रूममध्ये ग्लँड (शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग) फुटल्याची कल्पना करा. अमोनिया साध्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंशांना उकळतो, म्हणजे बाहेर पडलेला द्रव लगेच वायू होतो. त्याचा वास दहा लाखांत थोड्याशा भागांनाही येतो आणि ३०० भागांना जिवाला ताबडतोब धोका मानतात. हवेत साधारण १५ ते २८ टक्के झाला तर ठिणगीने पेटतोही. त्या वेळी कन्व्हेयर कुणाला आठवणार नाही.

म्हणून नियम असा ठेवा की सगळ्यांत मोठा गुण हाच यंत्राचा गुण. आणि माणसाच्या रकान्यात ५ असेल तर बाकी काहीही असो, यंत्र थेट 'अ' म्हणजे सगळ्यांत महत्त्वाच्या वर्गात. गुणाकारही इथे फसवतो. परिणाम गुणिले शक्यता केलं तर फॅनचे ५ × १ = ५ होतात आणि कन्व्हेयरचे ३ × ४ = १२. बिघाड क्वचितच होतो म्हणून जीव स्वस्त होत नाही.

गप्प बसलेली यंत्रं

फॅनचं दुसरं दुखणं असं की तो बिघडलेला कळतच नाही. कॉम्प्रेसर बंद पडला तर आवाज थांबतो, माणसं धावतात. गॅस डिटेक्टर, रिलीफ व्हॉल्व्ह, हाय प्रेशर कटआउट, फायर पंप, डीजीची (डिझेल जनरेटरची) बॅटरी ही सगळी वेळ येईपर्यंत गप्प असतात. मेलेली असली तरी गप्पच. अशा यंत्रांपुढे यादीत वेगळी खूण करा आणि त्यांच्यासाठी दुरुस्तीच्या आधी चाचणीची तारीख लिहा.

हे किती गंभीर असू शकतं ते भोपाळने दाखवलं. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती, वायू जाळणाऱ्या फ्लेअरची पाइपलाइन सुटी केलेली होती आणि वायू धुऊन निरुपद्रवी करणारा स्क्रबर चालू अवस्थेत नव्हता. त्या दिवसांत तिथे मिथाइल आयसोसायनेट बनवणंही थांबलेलं होतं. उत्पादनाच्या नजरेने बघितलं तर यातल्या एकाही यंत्रावाचून काहीच अडत नव्हतं. लोटे-परशुराम, महाड, रोहा अशा रासायनिक पट्ट्यांत काम करणाऱ्यांनी आपली यादी करताना हा परिच्छेद समोर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

स्टँडबाय आहे म्हणून निश्चिंत होऊ नका

जोडीला दुसरं यंत्र असेल तर परिणामाचे गुण कमी करता येतात, पण तीन प्रश्न विचारल्यावरच. स्टँडबाय शेवटचा कधी भारावर चालवला? तो चालू करायला किती वेळ आणि किती माणसं लागतात? आणि दोघांना एकाच गोष्टीचा आधार आहे का?

तिसरा प्रश्न आमच्या पंपाचा आहे. दोन कॉम्प्रेसर, एक पाणी. तसंच दोन पंप पण एक सक्शन पाइप, दोन मोटरी पण एक पॅनल, दोन फीडर पण एक ट्रान्सफॉर्मर. कोकणात याचं ठरलेलं रूप म्हणजे दोन्ही पंप एकाच खड्ड्यात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं. असं पाणी शिरतं तेव्हा तळमजल्यावरचा डीजी आणि त्याच्या शेजारचं पॅनल एकदमच बुडतात. पुराच्या रेषेखाली असलेली जोडी कागदावर दोन असली तरी एकच धरा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथल्या हवेत दडलेलं आहे. खाऱ्या दमट हवेत उभा राहिलेला पंप गंजतो, ग्लँड सुकतो, कॉन्टॅक्टरच्या टोकांवर हिरवट थर चढतो. दोन पंप आलटूनपालटून चालवा. आठवड्याने बदलला तरी चालेल, पण बदलल्याची तारीख पॅनलवरच खडूने लिहा, सगळ्यांना दिसेल अशी.

शक्यता

बिघाडाची शक्यता मोजायला जुन्या नोंदी बघा, पण त्या तुटपुंज्या असणार हे गृहीत धरा. स्टोअरमधून गेल्या तीन वर्षांत किती बेअरिंगं, किती सील, किती रिवाइंडिंगची बिलं निघाली ते काढा. बिलं खोटं बोलत नाहीत. मग साधी पायरी: दरवर्षी एकदा तरी, दोन-तीन वर्षांत एकदा, दहा वर्षांत एकदा, कधी ऐकलं नाही. समुद्राकडे तोंड असलेल्या आणि उघड्यावरच्या यंत्राला एक पायरी वर चढवा. मोटर तीच, कंपनी तीच, पण धक्क्यावरची मोटर कुडाळच्या शेडमधल्या मोटरीइतकं आयुष्य काढत नाही.

महिना विचारा

बाहेरच्या कागदांत न सापडणारा हा रकाना मी आग्रहाने घालायला लावतो. आपल्याकडे कारखाने ऋतूवर चालतात. बर्फ कारखान्यातला होइस्ट जूनमध्ये आठ दिवस बंद राहिला तरी चालतं, ऑगस्टमध्ये आठ तासही चालत नाही. आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात एप्रिल-मेमध्ये बॉयलरवाचून सगळंच अडतं. पिकलेला हापूस थांबत नाही. ऑक्टोबरमध्ये तोच बॉयलर गार पडलेला असतो. सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यात बी वाफवणारा बॉयलर आणि गर सुकवणारा बोर्मा यांचं महत्त्व कच्च्या बियांचा साठा किती आणि ऑर्डर कधीची यावर हलतं.

म्हणून प्रत्येक यंत्राला दोन वर्ग द्या: हंगामातला आणि हंगामाबाहेरचा. मोठी ओव्हरहॉलिंगची कामं कुठे बसवायची ते मग आपोआप दिसतं. फक्त माणसाच्या जिवाचे गुण हंगामाने बदलत नाहीत. बंद कारखान्यातही रिसीव्हरमध्ये अमोनिया असतोच. आणि बॉयलर, प्रेशर व्हेसल, होइस्ट यांच्या कायद्याने ठरलेल्या तपासण्या तुमच्या गुणांना जुमानत नाहीत, त्या वेगळ्या रकान्यात तारखेसह लिहा.

वर्ग पाडले, पुढे काय

'अ', 'ब', 'क' एवढे तीन वर्ग पुरे. आमच्या त्या कारखान्यात पुन्हा यादी केली तेव्हा त्रेचाळीस ओळींपैकी नऊ 'अ' निघाल्या. तुमच्या निम्म्याहून जास्त ओळी 'अ' निघाल्या तर बैठक परत घ्या. सगळंच महत्त्वाचं म्हणणं म्हणजे काहीच न ठरवणं.

'अ' वर्गाला नजर लागते. बेअरिंगचं तापमान, कंपनं, तेलाचा रंग, मोटरचा अँपिअर, हे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या माणसाने मोजून लिहायचं. ज्या सुट्या भागावाचून यंत्र उभं राहणार नाही आणि जो झळ लागायच्या आत मिळणार नाही, तो स्टोअरमध्ये ठेवायचा. स्टोअरच्या भाषेत याला व्हायटल म्हणतात. महाग आहे म्हणून नको असं व्यवस्थापन म्हणालं तर वर लिहिलेल्या दोन वेळा त्यांच्यापुढे ठेवा. झळ सहा तासांत, भाग दोन दिवसांत. यापुढे फार बोलावं लागत नाही.

'ब' ला ठरलेल्या मुदतीची देखभाल. 'क' बंद पडेपर्यंत चालू द्या. हे लिहिताना नवख्यांचा हात अडखळतो, त्यांना तो हलगर्जीपणा वाटतो. तसा तो नाही. पॅकिंग शेडमधला पंखा दर महिन्याला खोलण्यात गेलेला फिटरचा तास कंडेन्सरच्या पंपाला मिळाला असता.

'अ' वर्गातलं यंत्रही सारखं उघडून बसू नका. विमानांच्या सुट्या भागांवरचा एक गाजलेला अभ्यास १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात फक्त ११ टक्के भागांमध्ये वय आणि बिघाड यांचा असा संबंध दिसला की मुदत ठरवून बदलण्याने फायदा व्हावा. उलट ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाचा धोका नवीन बसवल्यावर सुरुवातीला जास्त होता. तुमचा पंप विमान नाही, पण ओव्हरहॉल करून आणल्यावर दुसऱ्याच दिवशी गळणारा सील प्रत्येक फिटरने पाहिलेला आहे. आधी मोजा, मग गरज असेल तर खोला.

यादी ताजी ठेवणं

यादी कपाटात गेली की मरते. तीन वेळा ती बाहेर काढा: यंत्र किंवा पाइप बदलला की, मोठा ब्रेकडाउन झाला की, आणि हंगामाच्या आधी. ब्रेकडाउननंतर विचारायचा प्रश्न एकच: हे यंत्र यादीत कुठल्या वर्गात होतं? 'क' मधल्या यंत्राने कारखाना थांबवला असेल तर चूक यंत्राची नाही, आपल्या गुणांची आहे, आणि त्याच आठवड्यात ती दुरुस्त करायची.

आम्ही हंगामाआधीची फेरी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करायचो. 'अ' वर्गाच्या नऊ ओळी, नऊ सह्या. कटआउट खरोखर ट्रिप होतो का ते प्रेशर गेजवर बघून, एक्झॉस्ट फॅन खोलीबाहेरच्या स्विचने लावून, डीजी भारावर अर्धा तास चालवून. पाण्याच्या पंपाशेजारी आता दुसरा पंप आहे, त्याचं पॅनल वेगळं आहे आणि तो खड्ड्यात नाही, जांभ्याच्या चौथऱ्यावर बसवलाय. स्टोअरच्या खालच्या फळीवर दोन बेअरिंगं, एक सील आणि ग्रीस लावून गुंडाळलेला एक तयार शाफ्ट असतो.